ओट्याजवळचा घास

वैजयंताला या सगळ्या खटाटोपातून मिळणार काय होतं, तर एक गोळी न घेण्याची मुभा. लोक वजन उतरवतात ते कुणाच्या लग्नासाठी, जुन्या ब्लाउजसाठी. हिनं ब्लाउज केव्हाच उसवून घेतले होते आणि फोटोत ती पोरांच्या मागं उभी राहायची, त्यामुळे दिसायचा तो चेहराच. लाभ असा एकच. डॉक्टरांनी दंडावरचा ब्लडप्रेशरचा पट्टा सोडता सोडता सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत पाच किलो उतरवा. नाहीतर गोळी सुरू करू. एकदा सुरू झाली की ती कायमची, हे धरून चाला."

गोळी महाग नव्हती की कडू नव्हती. पण घरातल्या औषधांचा सगळा कारभार आधीच वैजयंताच्या डोक्यात चालायचा: सासूची साखरेची गोळी, नवऱ्याची पित्ताची, थोरल्याचं जंताचं, धाकटीचं सर्दीचं. एवढ्यांचं ध्यानात ठेवणारी बाई आपली गोळी विसरणार, याची तिला स्वतःलाच खात्री होती. आणि विसरलं की काय होतं ते तिनं पैठणला, माहेरी पाहिलं होतं. तिच्या आईची घरच्या लग्नाच्या धांदलीत हीच गोळी घ्यायची राहिली आणि तेव्हापासून ती एक अंग लुळं होऊन पडून होती. त्या पाच किलोंच्या पलीकडं वैजयंताला आईची खाट दिसायची.

औरंगपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानात ती काउंटरला होती. तिथं कालिंदी नावाची एक तरुण आहारतज्ज्ञ फ्रेम घ्यायला आली आणि दुकानातली निम्मी कपाटं उघडायला लावून बसली. वैजयंतानं मालकाला गळ घालून तिला फ्रेमवर सूट मिळवून दिली आणि बदल्यात फुकटचा सल्ला पदरात पाडून घेतला. दोघींनाही सौदा आपल्याच फायद्याचा वाटला.

"पंधराशे कॅलरी," कालिंदी म्हणाली. "त्याच्या खाली जायचं नाही. महिन्याला दीड किलो उतरलं तरी पुष्कळ."

"दीडच?"

"ताई, तुम्ही पहाटे उठून तीन माणसांचे डबे करता, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, मग दिवसभर इथं उभ्या. उपाशी राहून हे सगळं किती दिवस ओढाल? टिकेल तेच सांगतेय मी."

दिवाळी साडेचार महिन्यांवर होती. दीडनं पाचाचा मेळ बसत होता, वर थोडी सूटही उरत होती. वैजयंतानं दीड भाकरीची एक केली, चहातली साखर अर्ध्यावर आणली, दुकानातल्या सामोशाला नाही म्हणायला शिकली. महिनाभर इमानदारीनं केलं आणि शेजारच्या मेडिकलमधल्या काट्यावर चढली. काटा जिथल्या तिथं.

मग तिनं घाईतली माणसं करतात तेच केलं. एक महिना बुडाला, तो भरून काढायचा म्हणून कुणाला न विचारता पंधराशेचे बाराशे केले. रात्रीची भाकरी बंद झाली. त्याचा परिणाम वजनावर व्हायच्या आधी माणसांवर झाला. दुकानात एका मास्तरांचा चष्मा दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेला आणि त्या बिचाऱ्याला तो दोन दिवस घालून चक्करही आली. घरी धाकटीच्या हातून दूध सांडलं, तर तिच्या पाठीत असा धपाटा बसला की सासू, द्वारकाबाई, आतल्या खोलीतून उठून आल्या.

"काय केलं लेकरानं?"

"दूध सांडलं."

"आन् तुझं काय सांडलंय?" द्वारकाबाईंनी विचारलं आणि नातीला घेऊन गेल्या.

चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून कालिंदी पुन्हा दुकानात आली, तेव्हा वैजयंतानं तिचा स्क्रू पिळता पिळता सगळं सांगितलं. कालिंदीला चष्म्यावाचून समोरचं धड दिसत नव्हतं, पण तिनं विचारलं ते नेमकं होतं.

"पोरांचं उरलेलं कोण खातं?"

"कोण म्हणजे?"

"म्हणजे जातं कुठं ते?"

"ते काय खाणं नसतं, मॅडम," वैजयंता म्हणाली. "ते आवरणं असतं."

आणि हे ती मनापासून बोलत होती. ताट घेऊन बसलं की ते जेवण. ओट्यापाशी उभं राहून, एका हातानं नळ सोडून दुसऱ्या हातानं तोंडात टाकलेलं काही जेवणात धरायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. थोरल्याच्या डब्यातून परत आलेली तूपगुळाची पोळी, धाकटीनं मिरच्या वेचण्याच्या निमित्तानं चिवडून ठेवलेले पोहे, दोघांच्या ताटातला वरणभात, दुधाच्या तळाशी राहिलेली साय. भाकरी बंद केल्यापासून तर पातेल्याची खरवडसुद्धा त्यात आली होती. कालिंदीनं मनातल्या मनात बेरीज केली.

"ताई, तुम्ही पंधराशे पाळतच नव्हता. दोन हजारांच्या वर चाललं होतं तुमचं. भाकरी परत सुरू करा, बसून जेवा. आणि ओट्याजवळचं बंद."

"आन् ते टाकून देऊ?"

"टाका, वाटा, काहीही करा. फक्त तुमच्या पोटात नको."

त्या रात्री वैजयंतानं उरलेलं एका स्टीलच्या डब्यात काढलं आणि सकाळच्या घंटागाडीसाठी दाराशी ठेवलं. द्वारकाबाईंनी झाकण उघडून पाहिलं. त्या लासूर स्टेशनकडच्या, खात्यापित्या घरच्या. शहरात येऊन वीस वर्षं झाली तरी ताटातला दाणा वाया जाऊ द्यायचा नाही ही सवय काही गावी राहिली नव्हती.

"वैजंता, अन्न हाय हे."

"मला नाय खायचं, आत्याबाई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तू नको खाऊ. मारुतीच्या देवळापाशी गाय आसती एक. दुपारच्याला मी घालत जाईन तिला."

प्रश्न सुटला. सुटलेल्या प्रश्नाकडं पुन्हा बघायला कुणाला वेळ असतो? पुढच्या महिन्यात वैजयंताचं दीड किलो उतरलं. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी दीड. डोकं दुखायचं थांबलं, धाकटीच्या पाठीला सुट्टी मिळाली, मास्तरांना त्यांचाच चष्मा मिळू लागला. कालिंदीनं फोनवर सांगितलं की हीच टिकणारी पद्धत, मी आता तुमचं उदाहरण बाकीच्यांना देते. वैजयंताला बऱ्याच वर्षांनी आपण कशात तरी पास झाल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र रोज संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोर असायची. दुकानातून येऊन ती गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवायची, तेव्हा तो डबा ओट्यावर स्वच्छ घासून पालथा घातलेला असायचा. द्वारकाबाईंचे गुडघे असे की देवळाच्या वाटेतला मोठा रस्ता त्यांनी पाडव्यापासून ओलांडला नव्हता. आणि गाय काही डबा घासून देत नाही. हे सगळं वैजयंताला दिसत होतं, पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं की त्याचं काहीतरी करावं लागतं. ती भाजी निवडायला घ्यायची.

ऑक्टोबरात द्वारकाबाईंची तीन महिन्यांची साखर तपासायची वेळ आली. वैजयंतानं अर्धी सुट्टी टाकून त्यांना नेलं. डॉक्टरांनी कागद बघितला, मग द्वारकाबाईंकडं बघितलं.

"आजी, पथ्य मोडलं का?"

"नाय बा," द्वारकाबाई म्हणाल्या आणि पंख्याकडं बघत बसल्या.

"गोड?"

"गोड कशाचं. दोन टाइम अर्धी भाकर. विचारा हिला."

डॉक्टरांनी विचारलं नाही. सकाळच्या एका गोळीबरोबर संध्याकाळची आणखी एक लिहून दिली आणि पाय जपायला सांगितले.

परतीच्या रिक्षात सिग्नल लागला. मग वैजयंतानं विचारलं, "आत्याबाई, गाय कोणत्या रंगाची हाय?"

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. "तांबडी."

"शिंगं?"

"गाईला शिंगं आसत्यातच की."

"आन् तिला तूपगुळाची पोळी चालती?"

रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं. द्वारकाबाई बाहेर बघतच, ज्या आवाजात त्या भाजीवाल्याशी बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "लेकरं दोन घास खाऊन उठत्यात. गरम तुपाची पोळी. ती काय घंटागाडीत टाकायची? आमच्या घरात सोळा माणसं व्हती. मी समद्यांच्या शेवटी जेवायला बसायचे तव्हा पातेल्यात वास राह्यलेला आसायचा. मला नाय बघवत टाकलेलं."

"मग मला सांगायचं."

"सांगून? तू परत खाल्लं आसतं. तू बारीक व्हायली होतीस, लेकरांवर हात उचलत नव्हतीस. म्हणलं, चाललंय ते चालू द्यावं."

"तुमची साखर तीनशेला टेकली, आत्याबाई."

"टेकली खरी." द्वारकाबाई आता तिच्याकडं वळल्या. "आन् रोज घासलेला डबा तुला दिसत नव्हता व्हय?"

रिक्षावाल्याला तिनं उगीचच डावीकडं घे म्हणून सांगितलं. तो डावीकडंच वळत होता.

रात्री वैजयंताचे यजमान, काकासाहेब, घरी आले. शेंद्र्याच्या कंपनीत ते सुपरवायझर होते, घरी पोहोचेपर्यंत त्यांची बोलायची ताकद संपलेली असायची आणि खायची तेवढी शिल्लक असायची. वैजयंतानं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "अहो, पोरांचं उरतं ते तुम्ही घेत जा. तेवढी एक भाकर कमी खा."

"मी? पोरांचं उष्टं?"

"तुमचीच हायत ती."

"बाप हाय मी त्यांचा."

"मी कोण हाय मग?"

"तू आई हायस," काकासाहेब म्हणाले. एवढ्यानं प्रश्न मिटला असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी चटणी मागितली. त्यांचं पोट शर्टाच्या चौथ्या बटणाला गेली पाच वर्षं ताण देत होतं. त्यांना मात्र कुठल्या डॉक्टरनं काट्यावर उभं केलं नव्हतं. चटणी मिळाल्यावर त्यांना तोडगाही सुचला. "पोरांना कमीच वाढत जा ना. उरणारच नाय."

"लेकरांच्या ताटात मोजून वाढायचं?" आतून द्वारकाबाई म्हणाल्या.

"मोजून नाय, आई. अर्धं. लागलं तर परत."

बोलणं शहाणपणाचं होतं; फक्त परत वाढायला कुणीतरी बसून राहावं लागतं, एवढं त्यात धरलेलं नव्हतं. ते वैजयंतानं धरलं. ती पोरांशेजारी बसू लागली, चमचा चमचा वाढू लागली, आणि "आणखी हवं का" विचारण्यात ज्या वेळात पूर्वी कणीक भिजायची तो वेळ जाऊ लागला. कणीक रात्री उशिरा भिजू लागली. ताटातलं उरणं त्यानं जवळजवळ थांबलं. शाळेच्या डब्यातलं मात्र परत येतच राहिलं, कारण शाळेत दुसऱ्यांदा वाढायला कुणी नव्हतं.

ते ती आता स्वतःच्या ताटात घ्यायची. बसून. आधी थोरल्याची अर्धी पोळी, मग धाकटीचे गार पोहे, आणि त्याच्यावर जेवढी जागा उरेल तेवढी भाकरी. कधी पाव, कधी काहीच नाही. पोट भरायचं, पण आपण जेवलो असं वाटायचं नाही. द्वारकाबाई समोर बसून बघायच्या. एकदा त्यांनी पोह्यांच्या दिशेनं हात नेला, वैजयंतानं ताट अलीकडं ओढलं.

कालिंदीनं हे फोनवर ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वेग कमी होईल, ताई. महिन्याला किलोभर. पण चालू ठेवा."

"दिवाळी थांबत नाय ना, मॅडम."

दिवाळी थांबली नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी वैजयंता दवाखान्यात काट्यावर चढली तेव्हा एकूण चार उतरले होते, तेही चपला बाहेर काढून. डॉक्टरांनी शाबासकी दिली, पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पुन्हा गुंडाळून पुन्हा पाहिला. "खाली आलंय," ते म्हणाले, "पण पुरेसं नाही. बारीक गोळी देतो. वजन असंच उतरत राहिलं तर वर्षभरानं बघू, बंद करता आली तर."

तिनं वाद घातला नाही. मेडिकलमधून घेतलेली गोळ्यांची पट्टी तिनं घरी आणून द्वारकाबाईंच्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवली आणि फराळाच्या मागं लागली. चकलीचं पीठ मळताना तिच्या ध्यानात आलं, की आपली आजची गोळी घ्यायचीच राहिली. हात धुऊन तिनं ती घेतली, मग पुन्हा पीठ.

एकूण असं झालं. पोरांच्या वाट्याला धपाटे आले, ते पोरं विसरलीही. कालिंदीला सवलतीत फ्रेम मिळाली. वैजयंताच्या अंगावरून चार किलो उतरले. त्यातल्या तीन किलोंची किंमत द्वारकाबाईंनी भरली, साखरेत, आणि ती परत मिळण्यातली नव्हती. चौथ्याची वैजयंतानं स्वतः भरली, गार पोह्यांनी आणि झोपेतून काढलेल्या वेळानं, आणि वर एक गोळी. काकासाहेबांच्या नावावर काही निघालं नाही.