मागचे धाकटे स्पीकर

डोळे मिटा बरं क्षणभर. तुम्ही खुर्चीत बसला आहात. समोर कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत आणि पाठीमागे, डाव्या-उजव्या हाताला, डब्याएवढे दोन छोटे. आता समोरून चेंडू येतोय. धप्, धप्, धप्. तुमच्या कानाजवळून तो मागे जातो. मागेही तोच चेंडू ऐकू यायला हवा ना?

छोटीच्या घरी तसं होत नव्हतं. समोरून चेंडू यायचा आणि मागे उशीवर लिंबू पडायचं.

"हा गोल?" दादा म्हणाला. "याला तर मी झोपेत अडवीन."

दादा तिचा मोठा भाऊ, शाळेच्या संघाचा गोलकीपर. पाय प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे मैदान बंद आणि घरात नुसती धुसफूस. म्हणून छोटीने आत्याकडून चारही बाजूंचं ऐकणारा रेकॉर्डर आणला, तो गोलपोस्टमध्ये ठेवला आणि मैदानच घरी आणलं. दादाला बसल्या जागी गोलमध्ये उभं करायचं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि दादा चेष्टा करत होता.

"मागचा आवाज वाढव," बाबा म्हणाले.

वाढवला. आता उशीवर कलिंगड पडलं.

छोटीचं तोंड एवढंसं झालं. आत्या तिथेच बसली होती. ती नाट्यगृहात आवाजाचं काम बघायची. ती म्हणाली, "चेंडू राहू दे. आधी चौघांना एकच शब्द बोलायला लावू." तिने बटण दाबलं. नळातून पाणी सुटावं तसा 'शूऽऽ' आवाज एका स्पीकरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरू लागला.

"डोळे मीट आणि सांग, चौघं एकाच घरचे वाटतात का?"

छोटीने दोन फेऱ्या ऐकल्या. "पुढचे 'शू' म्हणतात. मागचे 'फू' म्हणतात. तोंडावर पांघरूण घेतल्यासारखे."

सगळ्यांनी वळून मागे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं.

बाबा पडदे शिवायचे. उघडी वस्तू त्यांना बघवत नसे. मिक्सरला झबलं, रिमोटला पिशवी, शिलाई मशीनच्या कव्हरवर धूळ बसू नये म्हणून वरून आणखी एक कव्हर. स्पीकरनाही त्यांनी गोधडीसारखी जाड कव्हरं शिवली होती. मोठ्यांच्या पुढच्या बाजूला तेवढं कापड पुरलं नव्हतं, म्हणून ते बिचारे बोलू शकत होते.

"आतून मऊ अस्तर लावलंय," बाबा म्हणाले. "त्यांना काही होत नसणार."

"बरं, मग तूच गोधडीतून बोलून दाखव," आत्या म्हणाली.

बाबांनी खरंच एक कव्हर काढून तोंडावर धरलं आणि आईला हाक मारून चहा मागितला.

"काय म्हणतायत हे?" आई आतून म्हणाली. "दाढ दुखतेय का?"

दोन्ही कव्हरं निघाली. वाढवलेला आवाज छोटीने पुन्हा खाली आणला, अगदी चौघांचा 'शू' सारखा होईपर्यंत.

"आता एकच राहिलं," आत्या म्हणाली. "चेंडूच्या 'धप्'मधला तळाचा जड आवाज या डब्यांना झेपणार नाही. तो समोरच्या मोठ्या स्पीकरांकडे देऊन टाक. इतका खालचा आवाज कुठून आला, हे कानाला नीट कळत नाही. बाकीचा चेंडू मागे गेला की कान त्याच्याच मागे जातो."

छोटीने तसं केलं आणि रेकॉर्डिंग लावलं.

धप्, धप्, धप्. दादाचे दोन्ही हात आपोआप डावीकडे झेपावले. चेंडू कानाजवळून गेला आणि पाठीमागे जाळी थरथरली.

दादाने मान वळवून मागे पाहिलं. मग म्हणाला, "हा बारक्या. डावीकडूनच मारतो नेहमी. परत लाव."

परत गोल. तिसऱ्यांदाही गोल. दादा हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात. आई दारात येऊन बघत राहिली. कित्येक दिवसांनी तो असा हसत होता.

"अगं, पण मी एकदाही अडवायचा नाही का?" तो म्हणाला.

छोटीने विचार केला. मग रेकॉर्डर गळ्यात अडकवला आणि धावत मैदान गाठलं. गोलमध्ये ती स्वतः उभी राहिली, बाह्या सरसावल्या आणि ओरडून म्हणाली, "बारक्या, मार. डावीकडूनच मार."