तेजरामच्या दोन मशिनी

मित्रांनो, मी एक जुनी ड्रिल मशीन आहे. लोखंडाला भोके पाडणे हे माझे काम. आज माझा रंग उडाला आहे, मुठीला चीर गेली आहे. पण म्हातारपणाचे रडगाणे गायला मी बसलेली नाही. मला माझा एक गुन्हा सांगायचा आहे.

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. १९५७ साली मी लाकडी खोक्यात बसून तिथे आले. जिकडे पाहावे तिकडे लाल माती, खड्डे आणि लोखंडी खांब. फिटिंग शॉपचे, म्हणजे जोडकाम विभागाचे, मिस्त्री जानराव यांनी मला तेजरामच्या हाती दिले. तेजराम भंडाऱ्याकडचा, दोन वर्षांपूर्वीपर्यंत शेतात औत हाकणारा. त्याने मला खालीवर न्याहाळले आणि म्हणाला, "हे बी मुकं जनावरच हाय जी. आपणच समजून घ्या लागते."

"अन् हे जनावर लाथ मारते," जानराव म्हणाले. "बिट बदलाच्या आधी पिन काढत जा. लाइन असो का नसो." बिट म्हणजे माझ्या तोंडातली भोक पाडणारी सळई, आणि पिन म्हणजे माझ्या वायरीचा प्लग.

मला जपायचे तेजरामने मनावर घेतले, पिन काढायचे मात्र तो कधी कधी विसरे. रोज सुट्टीच्या आधी तो माझ्या वायरीवरून हात फिरवी, कुठे सोलली तर नाही ना हे पाही. हवा खेळायच्या जाळीत अडकलेली लोखंडाची भुकटी ब्रशने काढी. मी तापले की काम थांबवी. दुसऱ्यांच्या मशिनी वर्षभरात भंगारात गेल्या, मी मात्र टुणटुणीत होते. सारे म्हणायचे, मशीन ठेवावी तर तेजरामने! मला वाटू लागले, माझ्यावाचून याचे पानही हलत नाही.

मग १९६० साली ती आली. हिरवी, चकचकीत, माझ्याहून हलकी आणि दुप्पट वेगाची. तेजराम तिच्यावर असा लट्टू झाला की विचारू नका. मी गेले पेटीच्या तळाशी, जुन्या पान्यांखाली. तो झाकण उघडी आणि त्याचा हात नेमका तिच्याकडे जाई. ज्या गमछ्याने मला पुसायचा, त्याच गमछ्याने आता तिला पुसायचा. माझा नुसता जळफळाट होई. मोडो ही सटवी, एकदा सगळ्यांसमोर हिची फजिती होऊ दे, असे मी मनात म्हणत राही.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी हत्यारे पुसून मांडायची, पूजा करायची, आणि घरची माणसेही शॉप पाहायला यायची. तेजरामची बायको गिरजाबाई जवळच्या सुपेल्याच्या बाजारातून झेंडूचा हार आणि लाल धागा घेऊन आली.

"कोणती जी तुमची मशीन?" तिने विचारले.

तेजरामने हिरवी दाखवली! मी तिथेच, शेजारी होते. मला उरलेले कुंकू लागले, तेही जानरावांनी आठवण करून दिली म्हणून.

पोळ्याला बैलाला बांधावा तसा गिरजाबाईने तो धागा हिरवीच्या मुठीला सात वेढे देऊन करकचून बांधला. वेढे बटणावरून गेले. बटण आत दबल्याचा 'टक्' आवाज मी ऐकला. तो आवाज मी नाही ओळखणार तर कोण? वरून हार पडला आणि बाकी कोणाच्या लक्षात आले नाही. मला बोलता येत नाही हे खरे. पण मित्रांनो, येत असते तरी त्या दिवशी मी बोलले नसते. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. उद्या पिन लावली की ही बया आपोआप सुरू होऊन टेबलावरून खाली आपटेल, एवढेच माझ्या मनात होते.

दुसऱ्या दिवशी हार उतरला, धागा राहिला.

"कावून ठेवला तो? काढ ना," जानराव म्हणाले.

"देवाचा धागा आपल्या हातानं तोडत नाही जी. आपोआप गळते तो."

विजेच्या नव्या जोडणीसाठी शॉपची लाइन सकाळपासून बंद होती. ती आली की लगेच काम धरता यावे म्हणून तेजरामने पिन आधीच लावून ठेवली. मग बसल्या बसल्या त्याने बिट बदलायला घेतले. हातात सुती मोजे, बिट आवळायची किल्ली लावलेली, आणि पिन तशीच. लाइन नाही तर भीती कसली, असे त्याला वाटले असेल.

तेवढ्यात लाइन आली.

हिरवी गरकन फिरली. किल्लीने मोजा ओढला, मोज्याने हात. तेजराम किंचाळला. जानरावांनी धावत जाऊन पिन उपटली. लोकांनी त्याला उचलून दवाखान्यात नेले. हिरवी खाली पडून फुटली होती. माझ्या मनासारखे झाले होते आणि मला तिकडे बघवत नव्हते.

अडीच महिन्यांनी तेजराम परत आला. त्याने पेटी उघडून मला बाहेर काढले, जाळी साफ केली, वायर तपासली. किती दिवस मी याचीच वाट पाहत होते! त्याने मूठ धरली, पण माझ्या बटणावर बोट आलेच नाही. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली होती. त्याने मधल्या बोटाने दाबून पाहिले. ते दोनदा घसरले.

पुढच्या पूजेला गिरजाबाई आली, पण लांबच उभी राहिली. "मी नाही हात लावत जी. माह्याच हातानं झालं ते."

"धागा तुनं बांधला, पण पिन मी नाही काढली," तेजराम म्हणाला. "जानरावभाऊ तीन वर्षं सांगून राहिले होते मले. ये, लाव कुंकू."

त्याने माझी पिन काढून तिला दाखवली. तिने पहिले कुंकू मला लावले आणि झेंडूचा हार घातला.

मित्रांनो, मशीनला हार घालायच्या आधी तिची पिन काढा. तिचे बटण पाहा, वायर पाहा. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालून जाऊ नका. आणि धोका दिसला तर तोंड उघडा, समोरचे माणूस तुम्हाला कितीही नावडते असले तरी. तुम्हाला तोंड आहे.

पहिल्या कुंकवाचा मान, झेंडूचा हार, तेजरामचा हात, मला हवे होते ते सगळे मिळाले. फक्त तो हात आता चार बोटांचा आहे.