अजिंठ्याची सवारी

बद्रीनाथ आण्णा रोज सकाळी चहा झाला की अजिंठ्याला जायचे. गाडीला इंजिन नव्हतं, ही गोष्ट त्यांना कधी आडवी आली नाही. इंजिन विकून जमाना झाला होता; लासूर स्टेशनच्या कुणा माणसाची रसवंती त्यावर चालते म्हणे. उरलेली ॲम्बॅसेडर हडको वसाहतीतल्या घराच्या अंगणात, कडुनिंबाखाली, टायर मातीत रुतवून निवांत उभी होती. आण्णा पांढरा शर्ट घालायचे, फडक्यानं काच पुसायचे, स्टिअरिंगला नमस्कार करायचे आणि निघायचे. हर्सूल मागे पडायचं, सावंगी यायची, चौक्याच्या घाटात ते गिअर बदलायचे. सिल्लोडला चहासाठी थांबायचे. तेव्हा प्रेरणा, म्हणजे त्यांची लेक, गाडीच्या खिडकीतून कप आत द्यायची, आणि ते तिलाच "शेठ, साखर कमी टाका" असं बजावायचे.

सगळं आयुष्य पर्यटकांना लेणी दाखवायला नेण्यात गेलेला माणूस. आता त्यांना काल कोण भेटलं ते आठवत नव्हतं, आपण जेवलो की नाही तेही आठवत नव्हतं. पण फर्दापूरपर्यंतचा रस्ता खड्ड्यांसकट पाठ होता. दुपारी परत आले की पाय धुवायचे, "लई ऊन व्हतं" म्हणायचे, भाकरीवर ताव मारायचे आणि ढाराढूर झोपायचे. मग प्रेरणा दुसऱ्या पाळीला कामावर वाळूजला जायची आणि शेजारच्या सरूबाई येऊन ओट्यावर बसायच्या.

ज्या दिवशी गाडीत बसणं चुकायचं, त्या दिवशी मात्र आण्णा खरोखरच निघायचे, चपला घालून, पायी. एकदा अजिंठ्याकडे जाणाऱ्या जळगाव रोडला ट्रकांच्या मधून भर उन्हात चालताना सापडले होते. म्हणून सगळी गल्ली त्या गाडीला हसली तरी ती हसायची नाही. गाडी अंगणात होती तोवर बाप घरात होता, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

आणि मग एका सकाळी, चौक्याच्या घाटातच, आण्णांचा ब्रेकवरचा पाय पत्र्यातून आरपार गेला. गंजलेल्या कडेनं घोटा कापला. प्रेरणानं हात घालून पाहिलं तर रबरी मॅटखालचा सगळा तळ कुजला होता. बोटानं दाबलं की पापडासारखा तुटायचा. घोट्याला टाके पडले, इंजेक्शन झालं, आणि पुण्याहून भावाचा, सुदर्शनचा, फोन आला.

"भंगारवाल्याला देऊन टाक ना ताई. किती दिवस जपणार तो डबा?"

"तू येऊन आण्णांना सांग तसं," प्रेरणा म्हणाली. त्यावर त्यानं मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. पुण्यातून सल्ला द्यायला काय जातं म्हणा.

प्रेरणा वाळूजच्या एका कंपनीत पत्र्याचे भाग तपासायची. पत्रा तिच्या हाताला ओळखीचा होता, पण तो नवा, तेल लावलेला, गुळगुळीत पत्रा. इतका म्हातारा पत्रा तिनं कधी हाताळला नव्हता. तिनं गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या कडुबा डेंटरला बोलावलं. तो वाकला, हातोडीनं टकटक करत गाडीभर फिरला. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत यायचा, कुजलेल्याचा बद्द.

"वेल्डिंग मी करतो," तो म्हणाला. "पण आधी समदा गंज काढा. गंजाला दया दाखवायची नाय. थोडा जरी ठेवला तर नव्याला बी खातो."

मग रोज सकाळी प्रेरणा तोंडाला ओढणी बांधून गाडीत शिरायची. मॅट उचलली तर तिच्याखाली काळपट, जुनाट थर होता, पत्र्याला चिकटलेला. त्यात कसलेसे धागे. तिनं तो खरवडून कचऱ्यात टाकला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, मग ग्राइंडर. पांढऱ्या रंगाखालून फिकट निळा निघाला. गाडी कधीकाळी निळी होती हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात गंजाची धूळ तरंगायची, अजिंठ्याच्या भिंतींवर असतो तसल्या तांबड्या रंगाची. ती केसांत बसायची, पापण्यांवर बसायची, चहाच्या कपात उतरायची. कडुनिंबाचा मोहर टपावर पडत राहायचा आणि प्रेरणाला आपण अंगणात आहोत की कुठल्या लेण्यात, याचा क्षणभर विसर पडायचा. गंज पावलापावलानं येतो, कुणाच्या डोळ्यांवर न येता, आणि आपण मात्र त्याला एका सकाळी पाहिलं म्हणून दचकतो. बापाच्या डोक्यातही तो असाच आला होता. तिथं ब्रश पोचत नव्हता, आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं.

आण्णा खाटेवर बसून सगळं पाहायचे. त्यांच्या लेखी गाडी गॅरेजला होती.

"मेस्त्री," ते लेकीला म्हणायचे, "संध्याकाळपर्यंत द्या बरं का. उद्या सवारी हाय."

"देते," मेस्त्री म्हणायची.

कडुबाला एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. "पत्रा खालून नाय सडलेला, वरून सडलाय. आपल्याकडं नळाला पाणी कवातरी येतं, पाऊस बी बेताचाच. मंग गाडीच्या आत एवढं पाणी आलं कुठून? आण्णांनी काय आत हौद बांधला व्हता काय?"

प्रेरणाला काय माहीत. ती हसली आणि विसरली.

कुजका तळ कापून काढला. नवा पत्रा मापानं कापून, ठोकून बसवला. कडुबानं तो कडेकडेनं जोडला. सांधे घासून तिनं तांबडं प्रायमर मारलं, वर काळा रंग. जुनी मॅट टाकून दिली होती. रंग नीट वाळू दे, मग नवी आणू, असं ठरलं. काम झालं त्या दिवशी ती गाडीत पाय पसरून बसली. हातोडी वाजवली तर तळ देवळातल्या घंटेसारखा घुमला. इतका अभिमान तिला दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी पांढरा शर्ट घातला. काच पुसली, नमस्कार केला, बसले. मग खाली वाकून पत्र्याला तळहात लावला आणि तसाच झटकन काढला. मागचं दार उघडून तिथंही हात लावला.

"आज नाय जमायचं," ते म्हणाले, आणि उतरले.

त्या दिवशी प्रेरणानं त्यांना फाटकावरून परत आणलं. पुढच्या दिवशीही तेच: हात लावणं, "नाय जमायचं", आणि चपला शोधणं. तिनं फाटकाला कुलूप घातलं. आण्णा कुलूप हातात धरून उभे राहायचे. भाकरी तशीच राहायची. "ओळखीची राह्यली नाय गं गाडी त्यांना," सरूबाई म्हणाल्या, आणि प्रेरणाला ते पटलं. गंज काढता काढता आपण गाडीच काढून टाकली, असं तिला वाटलं. गाडी वाचवली आणि बापाचा रस्ता मोडला. न्हाणीघरात जाऊन ती पोटभर रडली.

रविवारी नळाला पाणी आलं. प्रेरणा पिंपं भरत होती, अंगण उन्हानं पांढरं पडलं होतं. मागे काहीतरी बुडबुडलं म्हणून तिनं वळून पाहिलं. आण्णांनी कोपऱ्यातलं धान्याचं रिकामं गोणपाट पिंपात बुडवलं होतं. ते त्यांनी उचललं, पिळलं न पिळलं, आणि तसंच निथळतं घेऊन गाडीकडे चालले. मागचं दार उघडून त्यांनी ते नव्याकोऱ्या पत्र्यावर अंथरलं. पाण्याचे ओघळ सांध्यांमध्ये पसरले.

"आण्णा!" प्रेरणा धावली. "अहो गंजंल की पत्रा!"

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. गैरसमज झालेल्या माणसाला समजवावं, तसं शांतपणे ते बोलले.

"खाली हात लावून बघा बाई. तवा झालाय नुसता. सवारीचे पाय भाजत्यात. थंड मुलखातली माणसं, त्यांना आपल्या उनाची सवय नाय. ओलं गोणपाट टाकलं की सिल्लोडपर्यंत गार राहतं. तिथं पुन्हा भिजवायचं. असल्या गरम गाडीत मी सवारी बसवत नसतो."

प्रेरणानं मॅटविना उघड्या पडलेल्या पत्र्याला हात लावला. खरंच चटका बसला. मॅटखाली सापडलेले ते धागे तिला आता कळले. आण्णांनी गाडी ओळखली नव्हती असं नव्हतं. गरम गाडीत पाहुणा बसवायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दर उन्हाळ्यात, कुणा अनोळखी माणसाच्या तळपायांसाठी, त्यांनी स्वतःच्या हातानं आपली गाडी भिजवली होती आणि कुजवली होती. आणि जुन्या गोणपाटांचा जो कुजट थर उरला होता, तो लेकीनं स्वच्छता म्हणून कचऱ्यात टाकला होता.

गोणपाट ओढून काढायला तिनं वाकून हात घातला होता. तो तिनं परत घेतला.

'संध्याकाळी पुसून घेईन,' तिनं मनाशी ठरवलं. 'नाही वाळलं तर गंजेल. गंजला तर पुन्हा कापेन.' तिनं चपला काढल्या आणि मागच्या सीटवर बसून दोन्ही पाय गोणपाटावर ठेवले. गारवा पोटऱ्यांपर्यंत चढला. ओल्या तागाच्या वासानं गाडी भरून गेली.

आण्णा पुढे बसले. मागे वळून पाहिलं नाही. सवारीकडे टक लावून बघायचं नाही, ही त्यांची रीत. हर्सूल गेलं. सावंगी गेली. कडुनिंबाची सावली काचेवरून हलत होती आणि प्रेरणाला झाडं मागे पळताना दिसू लागली.

"पाय गार वाटत्यात ना बाईसाहेब?"

"लई गार," ती म्हणाली.

चौक्याचा घाट आला. आण्णांनी स्टिअरिंग वळवलं आणि डावा हात शेजारच्या सीटवर आडवा धरला, हवेतच.

"काय झालं?" प्रेरणानं विचारलं.

"काय नाय. लेक हाय माझी, झोपलीय. शाळंला सुट्टी, तर लई हट्ट केला, मला बी ने म्हनली. वळणाला घसरती ती, म्हणून हात लावला. तुमाला तरास नाय द्यायची, गुणाची हाय."

प्रेरणानं वाकून पाहिलं. पुढच्या सीटवर फाटकं रेक्झिन होतं, कडुनिंबाची वाळकी पानं होती. अशी कुठलीच सहल तिला आठवत नव्हती. झोपलेल्या पोरीला आठवणार तरी कशी.

"सावकाश घ्या," ती हळू आवाजात म्हणाली. "जागी होईल नाहीतर."

"व्हय," आण्णा म्हणाले. वळण संपलं, पुढं फुलंब्रीचा सरळ रस्ता लागला, तरी त्यांनी तो हात काढला नाही.