मजीदने निवडलेली गाडी

मी पिकअप बोलतोय. आठ सिलिंडरचा, लांब हौद्याचा, अमेरिकेत बनलेला. सध्या मुक्काम कुवेतच्या एका भंगार यार्डात, चाकांशिवाय. आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. ज्यांना म्हाताऱ्या गाडीच्या गोड आठवणी ऐकायच्या असतील त्यांनी पलीकडच्या त्या स्कूल बसकडे जावं. ती दिवसभर तेच करते.

माझ्या जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. कारखान्यात जोडला गेलो, जहाजात बसलो, १९७७ साली शुवेख बंदरात उतरलो आणि शोरूममध्ये उभा राहिलो. माणसं गाडी कशी निवडतात ते मी तिथे तीन महिने बघितलं. टायरला लाथ मारतात. का मारतात, ते मला आजवर कळलेलं नाही. दार उघडून आपटतात आणि आवाज ऐकून मान डोलावतात. एसीसमोर हात धरतात. ही गाडी काय ओढणार आहे, रोज कुणाला घेऊन जाणार आहे, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

मग एका सकाळी कमाल आला. हा रत्नागिरीकडचा, होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा. फिंतासला त्याची बोटी दुरुस्त करायची शेड होती. कुवेती गिऱ्हाइकांच्या फायबरच्या बोटी ट्रेलरवर घालून शेडपर्यंत आणायच्या, नीट करायच्या आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी दुपारी दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्यांच्या शालेपर्यंत पोचवायच्या, हा त्याचा धंदा. शाले म्हणजे सुट्टीची समुद्रकाठची घरं. कमालबरोबर बायको मुनिरा होती, पाच वर्षांची बिल्कीस होती आणि मुनिराचा धाकटा भाऊ मजीद होता. मजीद गॅरेजात काम करायचा.

कमाल सरळ माझ्या शेजारच्या लाल गाडीकडे गेला. आखूड, उंच, मिरवायला उत्तम. मजीदने त्या गाडीकडे बघितलंही नाही. शर्ट काढून त्याने घडी करून बहिणीच्या हातात दिला आणि तो फरशीवर पाठ टेकून माझ्या पोटाखाली शिरला. मागच्या कमानीचे पाटे मोजले. एक्सलवर हात फिरवला. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत वितीने माप घेतलं.

"कमालभाय, ही पांढरी घ्या," तो बाहेर येऊन म्हणाला. "लांब हाय. पाठी दोन टन लावला तरी सरळ चालेल. आणि शीट एकच हाय, आपा आणि बिल्कीस दोघी पुढे बसतील. रोजचा जाणा-येणा हिच्यातच होईल."

"रंग अगदी इस्पितळाचा हाय," कमाल म्हणाला.

पण त्याने मला घेतलं. माझ्या आयुष्यात मला खालून बघून पसंत करणारा तो मजीद एकटाच. पुढे कमालने त्यालाच गॅरेजमधून काढून आपल्या शेडवर आणलं, त्याचा व्हिसाही आपल्याच कफीलकडे, म्हणजे कुवेती जामीनदाराकडे, फिरवून घेतला आणि माझी किल्ली त्याच्या हातात दिली.

चार वर्षं मी काय नाही केलं. सकाळी बिल्कीसला शाळेत, मुनिराला बाजारात, दुपारी इंजिनं, साखळदंड, फायबरची पिंपं, आणि गुरुवारी बोट. पन्नास डिग्रीत उभा राहिलो. धुळीच्या वादळात काच खरवडून घेतली. एकदाही रस्त्यात बंद पडलो नाही. लिहून ठेवा हवं तर.

आता रागाचं कारण सांगतो. कमाल ट्रेलर भरायचा तो होडी भरल्यासारखा. त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं की वजन पाठीमागे ठेवावं, म्हणजे नाळ, होडीचं पुढचं टोक, वर राहते आणि होडी लाटेवर चढते. समुद्रात ते खरंही असेल, मी काही होडी चालवलेली नाही, फक्त समुद्राच्या काठावर उभा राहिलोय. पण रस्ता म्हणजे समुद्र नव्हे. ट्रेलरचा पुढचा दांडा माझ्या मागच्या बॉलवर बसतो. त्या बॉलवर चांगलं वजन आलं तरच ट्रेलर गुमान मागून येतो. वजन सगळं मागे गेलं की दांडा वर उचलू पाहतो, ट्रेलरचं बूड डावं-उजवं झुलायला लागतं आणि ओढणाऱ्याचं बूडही सोबत नेतं. फायबरच्या बोटीची दोन्ही इंजिनं मुळात मागेच. त्यात हा माणूस पेट्रोलचे डबे, बर्फाच्या पेट्या, नांगर, सगळं मागेच रचायचा.

मजीदने सांगितलं नाही असं नाही. दर गुरुवारी सांगितलं. "कमालभाय, डबे पुढे घेवया. बॉलवर वजन पायजे. गाडीचा पाठचा भाग हलतो, मना स्टेअरिंगवर समजता."

कमाल हसायचा. "तुझा बाप शिंपी. मासळी खाल्लीस तेवढाच तुझा दर्या. मना बोट भरायला शिकवतोस?"

शेडमधले लोकही हसायचे. मजीद गप्प बसायचा, कारण कमाल बहिणीचा नवरा, वयाने मोठा, आणि पासपोर्टही त्याच्याच कपाटात. मीही माझ्या परीने सांगत होतो. साठच्या वर काटा गेला की स्टेअरिंग थरथरवत होतो. मजीदला ते कळायचं आणि तो हळू चालवायचा. कमालला वाटायचं, पोरगा घाबरट आहे.

१९८१ च्या मार्चमधला गुरुवार. बोट मोठी, गिऱ्हाईक मोठं. कमाल सकाळीच दुसऱ्या गाडीतून शालेवर पुढे गेला होता. बिल्कीसला समुद्रावर जायचं होतं म्हणून मुनिराने तिला मामाबरोबर बसवलं. मीना अब्दुल्लाची रिफायनरी मागे पडली, उतार लागला, वारा आडवा होता. काटा पंचावन्नवर. पाण्याचा एक टँकर जोरात बाजूने गेला आणि त्या धक्क्याने ट्रेलर झुलायला लागला. मजीदने ब्रेक दाबला नाही, स्टेअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला. अगदी बरोबर केलं. पण ट्रेलर थांबेना. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, तिसऱ्या वेळी त्याने मला आडवा केला आणि आम्ही वाळूत उलटलो.

उलटताना मजीदने एका हाताने बिल्कीसला सीटवर दाबून धरलं होतं. तिचा डावा हात मोडला. त्याच्या कपाळाला सात टाके पडले. बोटीचे दोन तुकडे झाले.

दुसऱ्या दिवशी मला शेडमध्ये ओढून आणलं. कमालने सगळ्यांसमोर माझ्या दाराला लाथ घातली. "गाडीच खोटी हाय," तो म्हणाला. "आणि निवडली कोणी? या शहाण्याने. वर पोरीला घेऊन शर्यत लावतो."

बिल्कीस प्लास्टर गळ्यात बांधून उभी होती. "पपा, मामू वॉज गोइंग स्लो," ती म्हणाली.

"तू गप," कमाल म्हणाला.

महिन्याभरात मजीदचा व्हिसा कॅन्सल झाला आणि त्याला गावी धाडलं. मुनिराने नवऱ्याला खूप विनवलं, पण मोठ्या गिऱ्हाइकापुढे दोषी म्हणून कुणाला तरी उभं करायचं होतं. मी बोलू शकलो असतो तर त्या शेडचे पत्रे उडाले असते.

मी आणखी दोन महिने तिथेच पडून होतो. एका दुपारी मुनिरा येऊन माझ्या सीटवर बसली, पर्समधून भावाचं पत्र काढलं आणि हळू आवाजात वाचलं. घरी वाचायची सोय नसावी. मजीदने लिहिलं होतं, आपा, गावात कमालभायचं पत्र माझ्या आधी पोचलं. पोरीला मारायला निघालेला ड्रायव्हर म्हणतात मला. टेम्पोसुद्धा कुणी हातात देत नाही. जिथे लग्न ठरत होतं त्यांनी नाही म्हणून कळवलं. कमालभायला एकदाच सांग, त्यांनी दोन ओळी लिहाव्यात की माझी चूक नव्हती. मुनिराने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. मग डोळे पुसून डबा करायला घरी गेली. तिने सांगितलं असणार. ओळी काही गेल्या नाहीत.

माझी चेसिस वाकली होती. पुढे मला मीना अब्दुल्लाच्या लेबर कॅम्पला पाण्याच्या टाक्या वाहायला दिलं. तिथे मला कुणी धूतसुद्धा नव्हतं. ८५ मध्ये गिअरबॉक्स गेला आणि मी इथे आलो, त्याला दोन वर्षं झाली.

आता काल काय झालं ते ऐका. काल सकाळी यार्डात एक नवा पिकअप आला. माझ्याहून मोठा, माझ्याहून लांब, मागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट. उतरला कोण, तर कमाल. केस पांढरे झालेत. त्याला जुन्या गाडीचा मजबूत मागचा बंपर हवा होता. यार्डात वजनकाट्यावर जगन्नाथ असतो, नाशिककडचा, मोजून बोलणारा माणूस.

"ही पण पाठून हलते," कमाल त्याला म्हणाला. "तिसरी गाडी घेतली मी. सगळ्या गाड्या खोट्याच निघतात."

जगन्नाथ ट्रेलरपाशी गेला. ट्रेलरची चाकं अडवली, बॉलची कडी सोडली आणि दांडा एका हाताने वर उचलला. एका हाताने. "अहो, पुढे वजनच नाही," तो म्हणाला. "मागे एवढं भरल्यावर कुठलीही गाडी हलणारच. गाडीचा काय दोष?"

कमाल त्या दांड्याकडे बघत राहिला. त्याला कळलं. त्याचा चेहरा मी चार वर्षं आरशात पाहिलाय, मला त्याचं कळणं कळतं. त्याने पेट्रोलचे डबे उतरवून पुढे ठेवले. बर्फाच्या पेट्या पुढे ठेवल्या. बोट हातभर पुढे ओढून घेतली. दांडा परत उचलून पाहिला, तर आता दोघांना जड जात होता.

पुढच्या दारातून एक उंच मुलगी उतरली. बिल्कीस. तिने हे सगळं बघितलं होतं. "पपा," ती म्हणाली, "म्हणजे मामू वॉज राइट? ही इज स्टिल देअर इन रत्नागिरी."

"चल, बस गाडीत," कमाल म्हणाला. "उशीर होतोय."

ती बसली. गाडी फाटकातून बाहेर पडली, ट्रेलर तिच्यामागे सरळ, एक इंचही न हलता गेला. बंपर घ्यायचीही आता त्याला गरज उरली नव्हती.

उद्या माझ्यावर कटर चालणार आहे. मला त्याचं काही नाही, लोखंडाचं तेच होतं. पण कमाल, तू मला खोटा म्हणालास ते मी सोडून देतो. मला तोंड नव्हतं. तुला आहे, आणि मजीद अजून रत्नागिरीत बसलाय. दोन ओळी लिही.