ठोकळ्यांवरची गाडी

कॅनडाला जायच्या आधी रमाकांतने, माझ्या मुलाने, मला एक यादी पाठवली. तेव्हा आम्ही झाशीत ओरछा गेटच्या एकाच घरात होतो, तो वरच्या खोलीत आणि मी खाली. तरी यादी फोनवर आली. त्याची गाडी दोन वर्षं आमच्याकडे उभी राहणार, तर तिची काळजी कशी घ्यायची याचे अकरा मुद्दे होते. आईबापाच्या काळजीचा एकही नव्हता, पण ते सोडा. यादी बघून मला आनंदच झाला. जो माणूस गाडी इतकी जपून ठेवायला सांगतो तो ती चालवायला परत येणार, असं मी धरून चाललो. तो परत यावा यापलीकडे मला दुसरं काही नकोच होतं.

निघायच्या दिवशी माझ्या बायकोने, प्रेमलाने, सुनेची ओटी भरली. घरातली लेकसून लांबच्या प्रवासाला निघाली की ओटी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, एवढं तरी आमच्या घरात अजून टिकून आहे. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण. झाशीत खण मागितला की दुकानदार ब्लाउजपीसचे गठ्ठे पुढ्यात टाकतात. बडा बाजार पालथा घालून कुठल्याशा जुन्या दुकानातून प्रेमलाने तो पैदा केला होता. स्नेहलताने ओढणी पसरून ओटी घेतली, वाकून नमस्कार केला. प्रेमलाचे डोळे भरून आले. सामानामुळे गाडीत तिला जागा नव्हती, म्हणून ती दारातच राहिली आणि मी दोघांना दिल्लीच्या ट्रेनवर सोडायला गेलो.

स्टेशनावर उतरताना स्नेहलता म्हणाली, "बाबा, गाडीत आतून मी सगळं साफ केलंय हं. तुम्हाला बघायची जरूरत नाही." ती ग्वाल्हेरची, तिचं मराठी असंच. पोरगी किती समंजस, असं मला वाटलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

परतताना पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून घेतली, म्हणजे आत पाणी धरत नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो मी, मला कुणाच्या यादीची गरज नव्हती. तरी ती समोर ठेवून तीन दिवस खपलो. ऑइल बदललं, बॅटरी काढून घरात आणली. रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचे चार ठोकळे करून गाडी त्यांवर चढवली, म्हणजे टायर एका जागी दबून बसत नाहीत. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला, बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. आणि हँडब्रेक सोडून ठेवला. ब्रेक ओढून गाडी महिनोन्‌महिने उभी केली की तो गंजून आतल्या आत चिकटतो आणि मग चाक जागचं हलत नाही. नवखे लोक नेमकी हीच चूक करतात.

शेजारचे अनंतराव कठड्याला टेकून माझी धडपड बघत होते. एवढा खटाटोप कशाला म्हणून त्यांनी विचारलं. दोन वर्षांनी मुलगा येतोय, मी म्हणालो.

"यज्ञेश्वरजी, आपले पूर्वजही कोकणातून दोन-चार सालांसाठीच आले होते इथे," अनंतराव म्हणाले, आणि वर हसले.

मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही.

पावसाळा गेला, दसरा आला. दसऱ्याला वाहनाला हार घालायचाच, म्हणून मी कव्हर काढलं आणि दार उघडलं. घाण वासाचा भपकारा आला. सीटचा स्पंज फाडून सगळीकडे पसरला होता. डॅशबोर्डखालच्या वायरी कुरतडलेल्या, सगळीकडे लेंड्या, आणि त्यांत तांदळाचे दाणे. तांदूळ बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे प्रेमलाचंच काम. पूजा केली असेल, अक्षता टाकल्या असतील, प्रसाद ठेवला असेल. तिला बाहेर बोलावलं आणि अनंतरावांच्या देखत नको नको ते बोललो. शेवटी म्हणालो, "पोराला परत यायला हीच एक गोष्ट उरली होती इथे. तीही तू घालवलीस."

ती वाकली आणि मागच्या सीटखाली हात घातला. आधी नारळ निघाला, शेंडी कुरतडलेला. मग हिरव्या कापडाची एक चिंधी. काठ तेवढा शाबूत होता. तिने तो बोटांनी सरळ केला.

"ही मी भरलेली ओटी आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, गेली तिच्याबरोबर."

संध्याकाळी मी रमाकांतला फोन लावला, तिकडे सकाळ होती. उंदरांचं सांगितलं, ओटीचं सांगितलं. तो जराही दचकला नाही. बॅगांचं वजन आधीच जास्त झालं होतं, शिवाय तांदूळ तिकडे नेऊ देतात की नाही कोण जाणे, म्हणून स्नेहलताने तिथेच ठेवली, आईला सांगायचं तिला जिवावर आलं, असं म्हणाला. मग म्हणाला, गाडी विकून टाका, नाही विकली गेली तर भंगारात द्या. त्यांचं तिकडेच राहायचं पक्कं होतं. कधी ठरलं, मी विचारलं. जायच्या आधीच, तो म्हणाला.

"मग ती यादी कशाला पाठवलीस?"

"तुमचं मन लागून राहील म्हणून, बाबा. तुम्हाला काम असलं की बरं वाटतं ना."

मी फोन ठेवला. प्रेमला समोरच बसली होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिची माफी मागायला हवी होती. तोंड उघडलं आणि चहा कर म्हणालो. तिने केला.

दुसऱ्या दिवशी तिने गाडीतले तांदूळ दाणा दाणा वेचले. ओटीचे तांदूळ पायदळी येऊ द्यायचे नाहीत म्हणे. नारळ आणि खणाचा तो काठही तिने त्यांच्याबरोबर बांधला आणि रिक्षा करून एकटीच लक्ष्मी तालाच्या पाण्यात सोडायला गेली. मी येतो म्हणालो, तर नको म्हणाली.

ती गेल्यावर मी जॅक काढला. एकेक चाक उचलून ठोकळे काढले आणि गाडी जमिनीवर उतरवली. मग आत त्या घाणीत बसलो, हँडब्रेक शेवटच्या खाचेपर्यंत ओढला आणि दार लावून घेतलं.