भोलूला लागलं

बाळाला पाजून निजवलं, जेवायला म्हणून वळले, तर चार वर्षांची छकुली दारात उभी.

"आई, भोलूला लागलं."

तिच्यामागे आमचा कुत्रा. तोंडातून लाळेची धार, पंजाने सारखं नाक घासतोय. मी त्याचे पाय पाहिले, कान पाहिले, शेपूट उचलून पाहिलं. कुठे ओरखडासुद्धा नाही.

"अगं, कुठे लागलं?"

"तोंडात."

जबडा उघडून काच, काटा शोधत बसले. मग छकुली हळूच म्हणाली, "तिखट लागलं."

माझं ताट चाटूनपुसून साफ! मिरचीत माखलेले बटाटे होते त्यात, आणि भरपूर कांदा.

"दूध पाज गं त्याला!" सासूबाई आतून ओरडत आल्या.

मी आधी त्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"दूध नको, पोट आणखी बिघडेल. ओकारीही काढायला जाऊ नका. साधं पाणी ठेवा. मिरचीने जळजळेल, जुलाब होतील. पण कांदा-लसूण होता का? कांदा कुत्र्याला विषासारखा. किती गेला ते सांगा. जास्त असेल तर आत्ताच घेऊन या."

लसूण नव्हता. कांदा मात्र मी सढळ हाताने घातलेला. छकुली आजीच्या मागे लपली. "ओरडू नकोस हं तिच्यावर," असं सासूबाईच ओरडून सांगत होत्या.

तिला मांडीवर घेतलं. "राणी, मी रागावणार नाही. कांदा किती दिलास?"

"नाही दिला. मला आवडत नाही, मग त्याला कसा आवडेल?"

"मग गेला कुठे?"

तिने आजीच्या चपलांकडे बोट दाखवलं. डावीत कांद्याचा ढीग, उजवीतही थोडा.

"एकेक काढला. तू मला काढून देतेस तसा."

मी तिच्या मसालेदार बोटांचा पापा घेतला आणि डॉक्टरांना सांगितलं. ते हसले, पण बजावलंच, "रस लागलेला असतोच. दोन-चार दिवस लक्ष ठेवा. सुस्त पडला, ओकत राहिला, लघवी लालसर दिसली तर लगेच या. रात्री नुसता मऊ भात."

भोलू पाण्याच्या भांड्यात नाकापर्यंत बुडाला होता. सासूबाई चपला झटकत होत्या.

"माझ्याच बऱ्या सापडल्या गं तुला?"

"आईच्यात मावला नसता," छकुली म्हणाली.