तीनला चार

माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, मला उभ्या आयुष्यात कधी ‘शाब्बास’ म्हटलेलं नाही. काम चांगलं झालं तर ‘हं’, बिघडलं तर जरा लांबलेलं ‘हंऽ’. एवढ्यावर मी लहानाची मोठी झाले. म्हणून परवा रविवारी सकाळी माहेरी गेले आणि मागच्या शेडमधून अप्पांचं खणखणीत ‘शाब्बास!’ ऐकू आलं, तेव्हा वाटलं, कोणी पाहुणे आले असतील.

पाहुणे कसले, वहिनी होती. अप्पांच्या जुन्या मोटरसायकलची टाकी उतरवून बाजूला ठेवलेली, आणि शाळेत भूगोल शिकवणारी माझी वहिनी हातात टेस्ट लॅम्प घेऊन उकिडवी बसलेली. अप्पा शेजारी खुर्चीत. त्यांचे हात हल्ली थरथरतात, स्क्रूवर पेचकस ठरत नाही.

“वन्सं, बघा ना!” वहिनी म्हणाली. “हँडल उजवीकडे वळवलं की फ्यूज उडायचा. तीन दिवस डोकं खाल्लंन् या गाडीनं. शेवटी एकेक वायर सोडवून तपासली. ही इथे हँडलच्या मानेपाशी घासून उघडी पडली होती. वळताना फ्रेमला टेकायची.”

“चाचपून चाचपून शोधली पठ्ठीनं,” अप्पा म्हणाले. “शाब्बास!”

पुन्हा! माझ्या जिवाचा तिळपापड झाला. वीस वर्षं मी पंपांच्या जळालेल्या मोटारी वाइंड करतेय, दिवसभर तांब्याच्या तारेशी माझा संसार, आणि कौतुक कोणाचं, तर नकाशे लटकवणाऱ्या बाईचं!

शिवाय त्या गाडीवर हक्क माझा होता. तिचं सगळं वायरिंग अप्पांनी नवीन केलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. दादा गल्लीत चेंडू बडवत होता आणि मी अप्पांना दिवा धरत होते. घरात एकच काळ्या वायरचं भेंडोळं होतं. मग कुठली वायर कशाची ते कळावं म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना दोरा गुंडाळून गाठी मारायच्या, ही अप्पांची युक्ती. तीन गाठी हॉर्नच्या, चार मागच्या दिव्याच्या. त्या सगळ्या गाठी माझ्या. वर वार्निशचा हातही मीच फिरवलेला.

मी वाकून पाहिलं आणि काय गार वाटलं म्हणून सांगू! वहिनीनं तीन गाठींची वायर चार गाठींच्या वायरीला जोडली होती, आणि चारची तीनला.

“भूगोलात मोजायला शिकवत नाहीत वाटतं?” मी म्हटलं. “तीनला तीन गं, वहिनी. चारला चार.”

“अहो वन्सं, पण ते...” ती अप्पांकडे बघायला लागली.

“करू दे तिला,” अप्पा म्हणाले.

मी पक्कड घेतली, दोन्ही जोड सोडवले, गाठी मोजून नीट जोडले, टेप गुंडाळली. जरा मुद्दामच सावकाश. मग बॅटरी जोडली आणि ऐटीत दिव्याचं बटण फिरवलं.

हॉर्न बोंबलायला लागला. थांबेचना. घाबरून मी बटण बंद केलं आणि हॉर्नचं दाबून पाहिलं. मागचा दिवा शांतपणे लागला.

हसता हसता अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी पदराआड तोंड लपवत होती.

“अगं, तेव्हाच एका बाजूला तीनच्या जागी चार मारल्यास आणि चारच्या जागी तीन,” अप्पा म्हणाले. “मला त्याच संध्याकाळी कळलं.”

“मग सांगायचं की! सोडून पुन्हा बांधल्या असत्या.”

“तू घरोघरी सांगत सुटली होतीस, गाडी मी केली म्हणून. कोण सोडणार त्या गाठी? तेव्हापासून वायरिंग उघडलं की मी तीनला चार जोडतो. हिलाही पहिल्याच दिवशी बजावलं, बाकी काहीही कर, गाठींना हात लावायचा नाही.”

मी त्या जुन्या गाठींवरून बोट फिरवलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी पुन्हा पोटात दुखलं. तीस वर्षांत मला सांगितलं नाही, आणि हिला पहिल्याच दिवशी!

वहिनीनं खाली पडलेली पक्कड उचलून माझ्या हातात दिली. मी तीनला चार जोडली, चारला तीन. दिवा लागला. हॉर्न वाजला. हँडल उजवीकडे पार टोकापर्यंत वळवलं, फ्यूज शाबूत.

“हं,” अप्पा म्हणाले.

वहिनी टाकीचे बोल्ट गोळा करत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “शाब्बास काय, ते दूधवाल्यालाही म्हणतात. माझी एखादी चूक कोणी तीस वर्षं अशी जपली नाही.”

तिचा सूर मला लगेच ओळखू आला. सकाळपासून तो माझाच होता.